डोमाजीचा म

वैशाख लागला की चंद्रपुरात दुपारी कोणी कोणाचं दार वाजवत नाही. कूलर घरघरत असतो, खिडक्यांना ओले पडदे टांगलेले असतात आणि शहाणी माणसं आडवी झालेली असतात. यंदा आमच्या घरात मात्र दुपारची झोप कोणालाच नाही. धाकट्या नातीचं लग्न निघालंय. थोरली नात रेवा पुण्याहून सुट्टी काढून आली आहे आणि पत्रिका मीच करणार असं जाहीर करून कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसली आहे. घरात रेवा कमी आणि तिचा आवाज जास्त.

"आजी, हा फॉन्ट बघ ना. अगदी हाताने लिहिल्यासारखा आहे की नाही?"

मी चष्मा लावला. पडद्यावर 'शुभविवाह' असं लिहिलं होतं, पण अक्षरं सरळ उभी नव्हती. एक बुटकं, एक उंच. काना गुडघ्यात दुमडलेला, वेलांटीच्या टोकाला कळी. कोणीतरी सगळ्यांना एकदम गुदगुल्या कराव्यात तशी ती शब्दभर पसरली होती. रेवा मला समजावू लागली, की हा खेळकर फॉन्ट आहे, वाढदिवसाला चालतो, लहान मुलांच्या पुस्तकाला चालतो, साड्यांच्या दुकानाला, आइस्क्रीमच्या डब्यालाही चालतो. "बँकेच्या पाटीवर मात्र नाही हं चालत. लोक पैसे काढून नेतील!"

मी हसले आणि म्हणाले, "याला मी ओळखते. याचं नाव डोमाजी."

"फॉन्टचं नाव वेगळं आहे गं," रेवा म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली. नव्या पिढीला एक बरं असतं, त्यांना उत्तर मिळालं की प्रश्न संपतो. मी मात्र पडद्यावरच्या त्या दुमडलेल्या गुडघ्याकडे बघत बसले. मग कूलरच्या ओल्या वाळ्यातून मला मोहाच्या वाळत घातलेल्या फुलांचा वास यायला लागला, आणि दुपार हातची गेली.

आमचं गाव सिंदेवाहीच्या अलीकडे, तळ्याच्या काठाला. धानाचं गाव. तेव्हा चंद्रपूरला सगळे चांदा म्हणत, मालगुजारी नुकतीच गेली होती आणि मालगुजाराची ऐट मात्र अजून जायची होती. चैत्रात मोहफुलं वेचून झाली, की वैशाखात रानातून दोनच गोष्टी गावात यायच्या: तेंदूच्या पानांचे पुडके आणि चारं. चारं म्हणजे ती बारकी काळी फळं, ज्यांच्या बियांची चारोळी होते. रानाकडच्या गोंड बाया ती टोपल्यातून आणत, आम्ही त्यांना पायलीनं धान देत असू, आणि मग पोरींचे ओठ आठवडाभर जांभळे. तळ्याचं पाणी आटून मध्यावर आलेलं असे. आणि ज्या घरी लग्न त्या घरची ओसरीची भिंत पांढऱ्या मातीनं सारवून कोरी ठेवलेली असे. ती भिंत डोमाजीची.

आमच्याकडे लग्नघराच्या भिंतीवर नवरा-नवरीची नावं लिहीत. अजूनही लिहितात. पण त्या वेळी त्याला मोठा मान होता. पत्रिका बित्रिका शहरात, आमची पत्रिका म्हणजे भिंत. आणि तिचा कायदा कडक होता. एकदा चढलेलं नाव हातानं पुसायचं नाही, वर पोतेरा फिरवायचा नाही. भिंतीचे पोपडे पडतील तेव्हा ते नाव आपणहून जाईल. हातानं पुसलं तर त्या जोडप्यावर संकट येतं, असं सगळे म्हणत. असं संकट आलेलं कोणी पाहिलं नव्हतं, कारण पुसायची हिंमतच कोणी केली नव्हती.

डोमाजी नावं लिही. हिवाळ्यात तो दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या नाचगाण्याच्या खेळात, लुगडं नेसून राणीचं काम करायचा आणि खेळाचे पडदे रंगवायचा. उन्हाळ्यात लग्नघरं. मधल्या दिवसांत पिठाच्या गिरणीवर, पानठेल्यावर, छकड्याच्या फळीवर, नवरीच्या पत्र्याच्या पेटीवर, जिथं म्हणून सपाट जागा दिसेल तिथं. चौथीपर्यंत शिकलेला, पण बढाई बॅरिस्टरची. आल्या आल्या गुळाचा चहा मागायचा, चहा पातळ आहे म्हणायचा आणि दुसरा मागायचा. शिंदीच्या काडीचं टोक दातांनी चावून चावून त्याचा तो कुंचला करी. गेरू, पिवळी माती, दिव्याची काजळी, कपड्यांची नीळ, वाळवलेल्या पळसफुलांचा काढा, आणि सगळ्यात धावड्याचा डिंक. ओसरीभर त्याची करवंट्यांची दुकानं मांडलेली असत आणि माय पदर सावरत त्यातून वाट काढी.

शाळेत आम्ही कित्ता गिरवत असू. ओळीत उभी राहिलेली, पोट आत घेतलेली अक्षरं. डोमाजीचं एकही अक्षर पोट आत घेत नसे. त्याचा ग गणपतीसारखा सोंड वळवून बसे, क कमरेवर हात ठेवी, र रुसून पाठ फिरवी. शिरोरेघ तर तो सरळ ओढतच नसे, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी मध्ये झोल पडलेली, आणि अक्षरं तिला लोंबकळलेली. गुरुजी म्हणायचे हे अक्षर नव्हे, ही जत्रा आहे. डोमाजीला ते कळलं तेव्हा तो खूश झाला. त्याला ती तारीफ वाटली.

त्याची एक फुशारकी मात्र खरी होती. एकदा काढलेलं अक्षर तो पुन्हा तसंच काढत नसे. "देव तरी एका चेहऱ्याचे दोन माणसं काढते का?" असं म्हणायचा. एकाच गावात दोन गंगूबाया असल्या तरी दोघींचे ग वेगळे. आम्ही पोरींनी पारख करायची म्हणून गावातल्या साऱ्या भिंती फिरून बघितल्या होत्या. दोन अक्षरं सारखी सापडली नाहीत.

त्या वैशाखात कोरी भिंत आमच्या घरी होती आणि लग्न माझं होतं.

मी सातवी पास झाले होते. चांद्याला मास्तरणीचं ट्रेनिंग घ्यायचं हे माझं स्वप्न, आणि पोरगी आता ठेवायची नाही हा बाबांचा निश्चय. निश्चय जिंकला. मुलगा चिमूरच्या वाटेवरच्या गावचा, नाव गोविंदा. मी त्याला एकदाच पाहिला, तेही पाहुण्यांना पाणी देताना, आणि मला त्याच्या जोड्यांपलीकडे काही आठवत नाही. वाईट असेल असं वाटलं नाही. चांगला असेल असंही वाटलं नाही.

अडचण निघाली ती नावाची. माझं नाव मैना, आणि होणाऱ्या सासूबाईंचंही मैना. एका घरात दोन मैना कशा नांदणार? सासूचं नाव सून उच्चारत नाही. मग सुनेला हाक मारताना सासऱ्याच्या तोंडी बायकोचं नाव येणार, दीर भावजयीला आईच्या नावानं बोलावणार! तेव्हा साक्षगंधाच्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, की पोरीचं नाव सुशीला ठेवू. बाबा म्हणाले, ठेवा. माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही. नावं तर सगळ्यांचीच बदलत. मायचं बदललं होतं, काकूंचं बदललं होतं, आणि माहेरी आल्यावर जुन्या नावानं कोणी हाक मारली की त्या जरा उशिरानं वळून बघत. मी ते वळणं बघितलं होतं. मला रडू यायचं ते लग्नाचं कमी आणि त्या उशिराचं जास्त.

मांडवाच्या आधी डोमाजी आला. दोन चहा झाले. मग त्यानं मला भिंतीपुढे बोलावलं.

"बाई, अंगणातून चालून दाखव."

"काऊन?"

"नाव कोणाचं हाये ते पाह्यल्याबिगर मी लिवत नाई. चाल दाखव, अन् काही बोल."

मी ठसक्यात दोन पावलं चालले आणि म्हणाले, "काका, नाव मोठं लिवा. परत कुठी लिवाचं काम पडणार नाई. त्या घरी मी सुशीला होऊन राह्यली."

डोमाजी कुंचला करवंटीत फिरवत राहिला. मग एवढंच म्हणाला, "टोचून बोलतेस." आणि लिहायला बसला.

त्यानं माझ्या म ला चोच काढली. चांगली वाकडी, कोणाला तरी टोचायच्या बेतात असलेली चोच. वरच्या दोन मात्रा म्हणजे फिसकारलेला तुरा. आणि ना चा काना एक पाय उचलून उभा, ठसक्यात पाऊल टाकावं तसा. पळसाचा केशरी रंग आणि कडेनं नीळ. शेजारी गोविंदाचं नाव त्यानं छान वेलबुट्टीचं काढलं, पण ते नुसतंच छान होतं. त्या माणसाला त्यानं चालताना पाहिलं नव्हतं ना. माय म्हणाली, "बाई गं, हे तं हुबेहूब तूच." मग त्यानं माझ्या पेटीच्या झाकणावरही नाव घातलं. तिथं त्या पाखरानं मान मागे वळवली होती. भिंतीवरचं आणि पेटीवरचं सारखं कसं असेल? डोमाजी होता तो.

संध्याकाळी तो नदी ओलांडून गोविंदाच्या गावी गेला. त्या घरचीही भिंत त्याचीच होती.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण इतक्या तोंडांनी ऐकलं आहे की पाहिल्यासारखंच झालंय. दुसऱ्या दिवशी दुपारी बाया धान कांडत होत्या, पुरुष मांडवाला जांभळीच्या डहाळ्या तोडायला गेले होते. डोमाजीनं भिंत लिहिली, चहा पातळ असल्याचं सांगितलं आणि पुढच्या गावाला निघून गेला. त्या घरचा जावई आपण वाचू शकतो हे चारचौघांत दाखवायची संधी सोडत नसे. त्यानं ओसरीवर उभं राहून मोठ्यानं वाचलं: "चिरंजीव गोविंदा, आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी मैना."

सुशीला नाही, मैना!

कांडणाऱ्या बायांपैकी एकीनं तोंडाला पदर लावून विचारलं, "काव, पोट्टं मायसंगच लगन लावून राह्यलं का?"

झालं. असं वाक्य गावात एकदा सुटलं की ते धरून आणता येत नाही. पाणवठ्यावर गेलं, तळ्यावर गेलं, तेंदूचे पुडके मोजतात त्या फडीवर गेलं. आणि पुसायचं तर भिंतीचा कायदा आडवा! सासरेबुवांनी पोतेरा मागितला म्हणतात, तेव्हा घरातल्या म्हाताऱ्यांनी त्यांचा हात धरला. शेवटी त्या नावावर चटई टांगली. चटईखाली काय आहे हे आता ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं छकडं आमच्या दारात. मांडव उभा होता, हळद दळून ठेवलेली होती, लावायची तेवढी राहिली होती. गोविंदाचे बाबा छकड्यातून उतरलेच नाहीत. तिथूनच म्हणाले, "भाऊ, तुमच्या शिकेल पोरीनं आमच्या घरचा तमाशा केला. नाव बदलाचं नोहोतं तं तोंडानं सांगाचं होतं. सोयरीक मोडली."

बाबा हात जोडून म्हणाले, "चूक रंगाऱ्याची हाये. पोरीले काही माहीत नाई."

"तुमच्या पोरीलेच पुसा," ते म्हणाले. छकडं वळलं.

मी आतल्या दाराच्या आड होते. आता सांगते, आता काय बिघडतंय? मला पहिल्यांदा जे वाटलं ते असं, की कोणीतरी माझ्या छातीवरून धानाचं पोतं उचललं. इतका मोठा श्वास आला की शेजारी उभी असलेली काकू माझ्याकडे बघायला लागली. मग मी घाईघाईनं डोळ्यांना पदर लावला. तेवढी रीत मला होती.

पण सुटले कुठे? मांडव घातला की तो रिकामा जाऊ नये, हा दुसरा कायदा. माझे मामा या कायद्याचे मोठे भक्त. छकड्याची धूळ खाली बसायच्या आत ते बाबांना म्हणाले, "मुहूर्त कायले घालवता? पलीकडच्या गावी एक बिजवर हाये. लेकरं दोनच हायेत. मी आता जातो अन् घेऊन येतो." बाबा काही बोलले नाहीत. आमच्या घरी बाबा काही बोलले नाहीत म्हणजे हो असायचं. मामा निघाले तेव्हा मी चुलीजवळ बसले होते आणि मगाचं पोतं परत छातीवर आलं होतं, आता दोन पोरांसकट. मायला म्हटलं, "माय, मले शिकाचं हाये." माय म्हणाली, "मले का सांगते? मले कोण पुसते?" आणि तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. ती एवढंच करू शकत होती, आणि तेवढं तिनं केलं.

उन्हं कलायच्या सुमाराला मामा त्या बिजवराला घेऊन आले. माणूस समजूतदार दिसत होता, धोतर धुतलेलं, डोक्यावर फेटा. अंगणात पाय धुतले, ओसरीत आला, बसायला गेला आणि बसता बसता थांबला. त्याला वाचता येत होतं. समोर भिंतीवर, केशरी न् निळ्या रंगात, वेलबुट्टीसकट, हाताएवढ्या अक्षरात गोविंदा.

"हे कोण?" त्यानं विचारलं.

मामा म्हणाले, "ते मोडलं. मनावर घेऊ नका. तुमचं नाव बाजूले लिवून टाकू."

"अन् हे पुसान?"

पुसणार कोण? बाबा पुसणार नव्हते, मामांना तर पुसवणारच नव्हतं. म्हणजे मांडवात नवरी एक आणि भिंतीवर नवरे दोन! बिजवरानं फेटा नीट केला आणि सांगून टाकलं, "भाऊ, राग मानू नका. दुसऱ्याच्या नावाखाली मी बोहल्यावर उभा नाई राहत. आमच्या गावचे लोक मले जन्मभर पुसतील, मैनाचा तू कितवा." आणि ज्या पायानं आला होता त्याच पायानं, पाणी पिऊन, निघून गेला. फार सभ्य माणूस. पुढे त्याला चांगली बायको मिळाली असं ऐकून मला खरोखर बरं वाटलं.

अशी ती भिंत. जिनं मला अडकवायचं, तिनंच मला सोडवलं. ती भिंत आहे तोवर दुसरा नवरा येणार नव्हता, आणि ती भिंत कोणी पुसणार नव्हतं. मांडवाच्या डहाळ्या वाळल्या, चुलीत गेल्या. लोक येता जाता थबकायचे, गोविंदा वाचायचे, मैना वाचायचे, च् च् करायचे. मी आत भाकरी थापता थापता ते च् च् ऐकायची आणि भाकरी मोठी व्हायची. शेवटी बाबांनाच त्या भिंतीचा कंटाळा आला. एके दिवशी जेवताना ते ताटाकडे बघत म्हणाले, "चांद्याले ट्रेनिंगच्या जागा कधी निघतात?" माझ्या हातातला वरणाचा पळा वरच्या वर राहिला.

डोमाजी मधले सगळे दिवस आमच्या गावाकडे फिरकला नव्हता. आला तो मी चांद्याला जायच्या थोडं आधी, करवंट्या घेऊन, मान खाली घालून. बाबा त्याला जे काही बोलले ते मी इथं लिहीत नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं, चहा मागितला नाही, आणि म्हणाला, "पुसत नाई, भाऊ. पुसाचा अधिकार मले नाई. भर घालतो."

आणि त्यानं भर घातली. गोविंदाच्या ग चं केलं आंब्याचं खोड. व च्या पोटात एक राघू बसवला, द च्या शेपटीला कैऱ्या लावल्या, वेलांटीची फांदी केली, अनुस्वाराचं पिकलेलं फळ. एकही रेघ पुसली नाही. दुपार संपता संपता भिंतीवर गोविंदा कुठे नव्हता, एक राघूंनी भरलेलं आंब्याचं झाड होतं, आणि त्याच्या शेजारी एक पाय उचलून, चोच वाकडी करून, एकटी मैना. बाबा मायला म्हणाले, "डोमाजीले चहा दे. घट्ट दे."

मी त्याला दारापर्यंत सोडायला गेले आणि विचारलं, "काका, खरं सांगा. तिथी माझं नाव काऊन लिवलं?"

"चुकलो, बाई."

"चुकून?"

"चुकीनंच चुकलो. मोसमाची धावपळ, हात चालून राह्यला होता अन् डोकं दुसऱ्या गावी होतं. हातानं लिवलं." कानाची पाळी धरून त्यानं शपथ घेतली. मी विश्वास ठेवला. माणूस चुकतो, आणि त्या चुकीचे मी रोज मनातल्या मनात आभार मानत होते. यात आणखी विचारायचं काय होतं?

ती पेटी घेऊन मी चांद्याला गेले. पेटीवरचं पाखरू मान वळवून मागे बघत होतं, मी मागे बघितलं नाही. वसतिगृहातल्या मुली पेटी बघायला येत. प्रत्येकीला तसं नाव हवं असायचं, आणि मी खडूनं काढून बघायची, पण माझी अक्षरं लगेच पोट आत घेऊन ओळीत उभी राहायची. कित्त्याची सवय. पुढे मास्तरीण झाल्यावर मी ती थोडी मोडली. वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यात, वाफ्यांवर लावलेल्या पाट्यांवर, गॅदरिंगच्या पडद्यावर मी अक्षरांना जरा जरा नाचू दिलं. तपासायला येणारे साहेब कपाळाला आठी घालायचे. पोरं मात्र तीच अक्षरं आधी शिकायची. लग्नही झालं, एका शिक्षकाशी, उशिरानं आणि माझ्या मनानं. त्यांनी विचारलं नाव काय ठेवायचं, मी म्हटलं आहे तेच. ते म्हणाले, बरं. इतकं सोपं होतं ते! मी अजूनही कोणी हाक मारली की लगेच वळते.

नोकरीच्या सुरुवातीच्याच काळात, दाखल्यासाठी पोरं गोळा करत घरोघर फिरताना, मी नदीपलीकडच्या त्या गावी गेले. घर टाळता आलं असतं. टाळलं नाही. ओसरीवर एक बाई सुपात धान पाखडत बसल्या होत्या. मी नाव सांगितलं. त्यांचं सूप थांबलं.

"तूच का ते?"

"हो, बाई. मीच ती."

मला वाटलं आता बोलणी बसणार. पण त्या उठल्या, इकडे तिकडे बघितलं, घरात कोणी नाही याची खात्री केली, आणि भिंतीवरची चटई एका बाजूला सारली. ओसरीच्या आडोशाला रंग जवळजवळ तसाच राहिला होता.

"मले वाचता येत नाई," मैनाबाई म्हणाल्या. "यातलं माझं नाव कोणतं, ते दाखव."

मी बोट ठेवलं. त्यांनी माझ्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं आणि त्या अक्षरांवरून हळूहळू फिरवलं.

"लगन झाल्यापासून मले या नावानं कोणी बोलावलं नाई. मालक बोलावत नाई, सुना बोलावत नाई. माय होती तवा बोलावे." बोट चोचीपाशी थांबलं. "लोक हसले तं म्या बी लय रडली. मंग वाटलं, काही का असेना, कोणी तं लिवलं. चटई म्याच टांगली. पुसू देल्लं नाई." मग, "अन् हे चोच काऊन काढली?"

मी त्या चोचीकडे बघत होते. तीच वाकडी, टोचायच्या बेतातली. तोच फिसकारलेला तुरा. तोच ठसक्यात उचललेला पाय. केशरीच्या कडेला नीळ. आमच्या भिंतीवरची मैना जशीच्या तशी, रेघ न् रेघ, इथं येऊन बसली होती. डोमाजीनं, ज्यानं एका गावात दोन गंगूबायांचे ग सारखे काढले नाहीत, पेटीवरसुद्धा माझी मान वळवून दिली, त्यानं एकच नाव दोनदा सारखं लिहिलं होतं. हात चुकला असता तर नवीन काहीतरी निघालं असतं. चुकलेला हात असा आठवून आठवून लिहीत नाही.

"बाई?" मैनाबाईंनी पुन्हा विचारलं. "चोच?"

"तुम्ही गोड बोलता म्हणून," मी म्हटलं.

"मी अन् गोड!" त्या इतक्या हसल्या की सुपातलं धान सांडलं. मग दोन मैनांनी मिळून ते वेचलं. जाताना त्यांनी नातवाचं नाव माझ्याकडे दाखल केलं आणि नातीचंही केलं.

डोमाजीला गाठून विचारायचं राहून गेलं. तो दंडारीबरोबर भंडाऱ्याकडे गेला आणि तिकडचाच झाला असं कोणी म्हणालं. विचारलं असतं तरी त्यानं कानाची पाळीच धरली असती.

"आजी, झोपलीस का?" रेवा विचारत होती. "हे बघ. तुझं नाव दोनदा टाकलंय. एकदा निमंत्रकांत आणि एकदा खाली, आजीच्या आशीर्वादात."

मी पाहिलं. मैना आणि मैना. खेळकर, दुमडलेल्या गुडघ्याच्या.

"फक्त एक आहे," रेवा तोंड वाकडं करून म्हणाली, "दोन्ही म अगदी सारखे आलेत. त्यामुळे लगेच कळतं की हाताने लिहिलेलं नाही. माणूस काय दोनदा सारखं लिहितो? यात म चा दुसरा प्रकार पण आहे. एक बदलू का?"

"नको," मी म्हटलं. "सारखेच राहू दे."